शाळा सुरू झाल्यावर गुरुजींची ऑर्डर आली तर पालकांनी काय करायचं

जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, पहिलीतली पोरं आत्ता कुठे रडायची थांबून वर्गात रुळायला लागलेली, आणि एका संध्याकाळी कळतं की गुरुजींची ऑर्डर निघाली, परवापासून ते दुसऱ्या शाळेत. आपल्या कोकणात कुठल्या ना कुठल्या वाडीत दरवर्षी हे होतंच. मी मालवण तालुक्यातली, झेडपीच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते तेव्हा 2024 च्या जुलैत आमच्याकडे हेच झालं. पहिली ते पाचवी, 22 पोरं, दोन शिक्षक, त्यातले एक गुरुजी उचलले. ते काही परत मिळाले नाहीत, पण गणपती झाल्यावर दुसऱ्या बाई आल्या आणि शाळेचं दुसरं पद टिकलं. त्या दोन महिन्यांत काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही हे आम्हाला ठेचा खाऊन कळलं, तुम्हाला आधीच कळावं म्हणून सगळं लिहिते.

सगळ्यात आधी ऑर्डरची झेरॉक्स मागा. "साहेबांचा फोन आला" यावर कुणालाच जाऊ देऊ नका, शिक्षकालाही तेच सांगा, कारण तोंडी निरोपावर गेलेल्या शिक्षकाची नोंद कागदावर तुमच्याच शाळेत राहते आणि मग ऑफिस म्हणतं तुमच्याकडे दोन शिक्षक आहेत की! कागद हातात आला की बघा ऑर्डर कसली आहे, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

समायोजन असेल तर त्याचा अर्थ संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवतात त्यात, तुमच्या शाळेचं एक पद कमी झालंय आणि तुमचे शिक्षक अतिरिक्त ठरलेत. ते पद पटावर ठरतं, त्यामुळे तिथे भांडण पटाचं आहे, माणसाचं नाही. संचमान्यतेची प्रत मागा आणि त्यात तुमची पोरं किती मोजलीत ते बघा, पुढे सांगते का.

बदली असेल, म्हणजे ऑनलाइन बदलीची प्रक्रिया लांबून लांबून शाळा सुरू झाल्यावर अंमलात आली असेल, तर शिक्षकाचा तो हक्क आहे, त्याला अडवू नका, तुमचं मागणं एवढंच की बदली शिक्षक येईपर्यंत पर्यायी माणूस द्या. 2023 च्या जूनमध्ये आंतरजिल्हा बदलीने घाटावरचे कितीतरी शिक्षक आपापल्या जिल्ह्यात परत गेले आणि सिंधुदुर्ग रत्नागिरीत शाळा उघडल्या तेव्हा वर्गात पोरं होती, मास्तर नव्हता. तेव्हा जुलैत शासनाने निवृत्त शिक्षक महिना 20,000 रुपये मानधनावर घ्यायचा निर्णय काढला, तोही इकडे डीएड झालेली आपली मुलं मुली नोकरीची वाट बघत असताना, म्हणून लोक चिडले होते. पण त्यातून एक गोष्ट घ्या, ओरड लेखी झाली आणि एकदम बऱ्याच गावांतून झाली की तात्पुरता का होईना मार्ग निघतो.

आणि तिसरी, जी सगळ्यात जास्त वेळा होते, ती कामगिरी. कामगिरी म्हणजे शिक्षकाचं पद तुमच्या शाळेत, पगार तुमच्या शाळेच्या नावावर, आणि माणूस काम करतो दुसऱ्या शाळेत किंवा थेट ऑफिसात. आमचं हेच होतं. इथे कायदा बराचसा तुमच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 चा, त्यातलं कलम 25 चं पोटकलम 2 वाचा, विद्यार्थी शिक्षक प्रमाण राखण्यासाठी एका शाळेत नेमलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात काम करायला लावायचं नाही असं तिथे सरळ लिहिलंय. अपवाद कलम 27 मधले, दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका, बस. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 60 पोरांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3, 91 ते 120 ला 4 असं दिलंय. आणि कलम 26 म्हणतं की शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या 10 टक्क्यांवर जाऊ द्यायची नाहीत. दोन शिक्षकी शाळेतला एक गेला म्हणजे निम्मी शाळा रिकामी, हे वाक्य आमच्या अर्जात होतं आणि ते वाचून विस्तार अधिकाऱ्यांनी मान वर करून बघितलं होतं.

एक सांगते, पट 20 च्या आत असेल तर गोष्ट अवघड होते. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि लहान पटाच्या शाळांबद्दल त्यानंतरही निर्णय बदलत आलेत, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर जाऊ नका, शासनाच्या वेबसाइटवरून त्या दिवशी लागू असलेला निर्णय काढा किंवा केंद्रप्रमुखांकडे मागा.

आता कार्यमुक्तीच्या, म्हणजे गुरुजी शाळेतून सुटायच्या, आधीचे दोन दिवस. हे दोन दिवस फार महत्त्वाचे आहेत आणि आपण ते नेमके रागात घालवतो. आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी अख्खी वाडी शाळेच्या पडवीत जमली, कुणी म्हणे टाळं ठोकूया, कुणी म्हणे गुरुजींना सोडायचंच नाही. एक आजी खांबाला टेकून बसलेल्या, त्या मला म्हणाल्या, "गो बाय, मास्तर गेलो तर पोरांक कोण शिकयतलो ता आधी सांग." सगळ्यांचं बोलून झालं आणि कामाचं तेवढंच एक वाक्य होतं. शिक्षकावर राग काढू नका. तो नोकरदार माणूस आहे, ऑर्डर त्याने काढलेली नाही, आणि तोच माणूस जाता जाता तुमच्या पोरांसाठी जे करून जाईल ते दुसरं कुणी करू शकत नाही.

काय करून जाईल ते सांगते. गुरुजींना आम्ही म्हटलं, आम्हाला एक पान लिहून द्या, प्रत्येक पोराचं नाव आणि पुढे ते कुठपर्यंत पोचलंय ते. त्यांनी रात्री बसून लिहिलं, दोन बाजूंनी भरलेलं फुलस्केप. "काना मात्रा येतात, वेलांटीत गोंधळ." "हातच्याची बेरीज समजली, वजाबाकी नाही." "वाचते चांगलं पण मोठ्याने वाचायला लाजते, जवळ बसवून ऐका." "डावा कान कमी ऐकतो, पुढे बसवा." हे शेवटचं ज्या पोराबद्दल होतं त्याच्या आईलासुद्धा माहीत नव्हतं. हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं, शिक्षकाच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबर निघून जातं. ते पान घ्या, त्याचे मोबाईलवर फोटो काढा, मूळ कागद शाळेत ठेवा.

बाकीचा चार्ज हिशोबाने होतो की नाही ते समितीच्या एकाने तिथे उभं राहून बघावं. हजेरी, जनरल रजिस्टर, कॅशबुक, चेकबुक, पोषण आहाराचा साठा, गॅसच्या टाक्या, कपाटाच्या चाव्या. तांदूळ प्रत्यक्ष वजन करून घ्या, पावसाळ्यात पोत्याला दमट लागतं, तळाचा तांदूळ खराब निघतो आणि नंतर वजनात फरक आला तर मागे राहिलेल्या एकट्या बाईंच्या गळ्यात येतं. सरल आणि यू-डायस, म्हणजे शाळेची आणि पोरांची माहिती ऑनलाइन भरायच्या सरकारी साइट, त्यांचे पासवर्ड जाणाऱ्या शिक्षकाकडेच असतील तर ते त्याच दिवशी चालू करून बघा. आमच्याकडे ते राहिलं होतं, पंधरा दिवस फोनाफोनी चालली होती.

मग समितीची तातडीची सभा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला, हे कायद्यातच आहे, म्हणजे हा ठराव पालकांचाच असतो, मुख्याध्यापकांनी तो लिहून दिला पाहिजे असं काही नाही, उलट त्यांना मध्ये घालू नका, त्यांच्यावर वरून दबाव येतो. इतिवृत्ताच्या वहीत ठराव, सह्या, आणि त्याची प्रत अर्जाला. अर्ज एका पानाचा. भावना कितीही खऱ्या असल्या तरी अर्जात आकडे घाला. आमचा अर्ज साधारण असा होता, हवा तर तसाच उतरवा:

"प्रति, गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती. विषय, शाळेतील उपशिक्षकांच्या कामगिरी आदेशाबाबत. महोदय, आमच्या शाळेत इयत्ता 1 ली ते 5 वी मिळून 22 विद्यार्थी असून मंजूर पदे 2 आहेत. दिनांक अमुकच्या आदेशाने एक शिक्षक कामगिरीवर गेल्याने एका शिक्षकावर पाच इयत्ता, पोषण आहार व सर्व ऑनलाइन कामे आली आहेत. ते रजेवर अथवा प्रशिक्षणास गेल्यास शाळा बंद राहते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 25(2) व 26 कडे आपले लक्ष वेधतो. कामगिरी आदेशाची मुदत किती दिवसांची आहे ते लेखी कळवावे व त्या मुदतीत पर्यायी शिक्षक द्यावा. समितीचा ठराव सोबत जोडला आहे."

मुदत किती, हा प्रश्न नक्की विचारा. तात्पुरती कामगिरी म्हणून निघालेल्या ऑर्डरवर शेवटची तारीख नसेल तर ती एप्रिलपर्यंत चालते, कुणी मुद्दाम चालवतं असं नाही, ती कुणाच्या लक्षातच राहत नाही.

अर्ज पंचायत समितीत आवक टेबलावर द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेऊनच बाहेर पडायचं. साहेब जागेवर नाहीत, नंतर या, असं सांगितलं तरी टपाल घ्यायला साहेब लागत नाहीत. एक प्रत जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी प्राथमिक यांना आणि एक मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. आमच्यासाठी ते ओरोसला, रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोच आली ती फाईलला लावली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नुसती साहेबांशी बोलून आले, साहेब चांगलं बोलले, चहासुद्धा झाला, आणि पंधरा दिवसांनी गेले तर अशी कुठलीच मागणी आमच्याकडे आलेली नाही! तिथून पुढे पोच घेतल्याशिवाय मी पायरी उतरले नाही.

आपल्याकडचं अंतर समजावून सांगा. हे फक्त कोकणातल्या लोकांनाच कळेल. ऑफिसात कुणी म्हणतं, शिक्षक नाही तर पोरं बाजूच्या शाळेत बसवा, दीड किलोमीटर तर आहे. नकाशावर दीड किलोमीटर, पण मध्ये वहाळ म्हणजे ओढा आहे, त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, जुलैत पाण्याखाली असतो आणि रस्त्याने वळसा घालून गेलं तर सहा किलोमीटर. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. आम्ही तीन दिवस सकाळी साडेनऊला साकवाचे फोटो काढले, पाणी कुठवर आहे ते दिसेल असे, आणि मागे तारीख घालून जोडले. एका फोटोत पाचवीतल्या मुलीची छत्री प्रमाणासाठी कठड्याला टेकवून ठेवलेली, पाणी मुठीपर्यंत. त्यानंतर बाजूच्या शाळेचा विषय कुणी काढला नाही.

आता जे करू नका ते, आणि यावर मी कितीही वेळ बोलू शकते. दाखले काढू नका. राग येतो, बाजारपेठेतली इंग्लिश मिडीयमची व्हॅन वाडीच्या तोंडापर्यंत येते, ते लोक नेमके तेव्हाच घरोघरी फिरतात, आणि आपल्या पोराचं नुकसान नको म्हणून माणूस दाखला काढतो. मी कुणाला दोष देत नाही. पण संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. जुलैत शिक्षक गेला, ऑगस्टमध्ये चार दाखले गेले, 30 सप्टेंबरला पट घसरला, की जे पद नुसतं कामगिरीने रिकामं होतं ते कायमचं जातं आणि पुढच्या वर्षी मागायला तोंडच राहत नाही. आमच्या 22 मधला एक दाखला गेला, बाकीच्या घरांत मी आणि अंगणवाडी ताई स्वतः जाऊन बसलो, ऑर्डरची झेरॉक्स आणि 30 सप्टेंबर ही तारीख दाखवली आणि म्हटलं गणपतीपर्यंत थांबा. 21 वर राहिलो म्हणून ते पद राहिलं.

शाळेला टाळं ठोकणं पण मला पटत नाही. एक दिवसाचं आंदोलन करायचंच असेल तर पोरांना दप्तरासकट पंचायत समितीच्या आवारात न्या, तिथे बसून वाचू द्या, हजेरी लागेल असं बघा, पण आठ आठ दिवस पोरं घरी बसवली तर शिकायची ती राहतातच. पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस शाळा भरली पाहिजे, पावसाच्या सुट्ट्या, गणपती, दिवाळी धरली तर आपल्याकडे उगाच घालवायला दिवस नसतात.

आणि पट बघताना आधार बघा. शाळेच्या हजेरीत पोर आहे, रोज येतं, पण आधारवर नाव एक आणि यू-डायसवर एक, किंवा जन्मतारीख जुळत नाही, तर ते संचमान्यतेत मोजलं जात नाही. आमची तीन होती, एकाचं आडनाव आधारवर मुंबईच्या पत्त्यासकट मामाचं लागलेलं. ऑगस्टमध्येच बाईंकडून यादी घ्या, तालुक्याच्या आधार केंद्रावर एकाच रिक्षाने सगळ्यांना घेऊन जा. कंटाळवाणं काम आहे, पण एकेका पोरावर पद अडतं.

शिक्षक येईपर्यंत वर्ग कसा चालवायचा, तर आम्ही गावच्या मुंबई मंडळाला फोन लावला. चाकरमानी सणाला येतात पण शाळेचं म्हटलं की बारा महिने उभे राहतात, दोन महिने मानधनाचे पैसे त्यांनी काढले आणि वाडीतलीच डीएड झालेली एक सून सकाळी पहिली दुसरी घ्यायला लागली. पण हे करताना ठरावात स्पष्ट लिहा की ही सोय तात्पुरती आहे, शासनाच्या मंजूर पदाच्या बदल्यात नाही, आणि पर्यायी शिक्षकाची मागणी कायम आहे. नाहीतर तीच सोय तुमच्या विरुद्ध वापरली जाते, तुमचं तर चाललंय, असं म्हणून तुमची फाईल खाली जाते. कुणी म्हटलं की शिक्षक आठवड्यातून तीन दिवस तुमच्याकडे, तीन दिवस तिकडे, तर चालेल, पण वार लिहून घ्या.

एक गोष्ट आम्हाला उशिरा सुचली, तुम्ही पहिल्या आठवड्यात करा. गुरुजी ज्या शाळेत गेले त्या गावात फोन करा. आम्ही महिनाभर त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो, आणि ऑगस्टमध्ये तिकडच्या समितीच्या अध्यक्षांशी बोलले तर कळलं की ती शाळा शून्यशिक्षकी होती, जूनपासून एकही शिक्षक नव्हता, त्यांच्या पोरांचीही आपल्यासारखीच आई आहे ना. मग दोन्ही समित्यांनी मिळून एकच अर्ज केला, की आम्हाला एकमेकांचे शिक्षक हिसकावून देऊ नका, तालुक्यात जिथे पटापेक्षा शिक्षक जास्त आहेत ती यादी काढा आणि तिथून द्या. ती यादी माहिती अधिकारात मिळते, अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "तालुक्यातील शाळानिहाय मंजूर पदे, कार्यरत पदे, पटसंख्या आणि कामगिरीवरील शिक्षक" एवढीच मागणी लिहा, कारण विचारू नका, का केलं असं विचारलं की उत्तर मिळत नाही, कागद मागितला की कागद मिळतो. आमचा अर्ज गेला आणि उत्तराच्या आधीच केंद्रप्रमुखांचा फोन आला की बघतो, होईल काहीतरी.

एवढं करूनही हललं नाही तर कलम 32 खाली लेखी तक्रार करा, ती स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेकडे, तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण फाईल त्या हिशोबाने लावलेली होती, सगळ्या पोच तारखेप्रमाणे.

शिक्षक वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. अतिरिक्त ठरवलं असेल तर सेवाज्येष्ठता यादीत आपलं नाव कितव्या नंबरला आहे ते बघा आणि चुकलं असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या. कार्यमुक्तीचा आणि हजर झाल्याचा दोन्ही कागद स्वतःजवळ ठेवा. आजारपण असेल, जोडीदार दुसऱ्या तालुक्यात असेल तर पुराव्यासह निवेदन ऑर्डर निघायच्या आधी जाऊ दे, नंतरच्या निवेदनाला फार वजन राहत नाही.

नवीन शिक्षक आला की स्टँडवरून आणायला माणूस पाठवा, भाड्याची खोली आधी बघून ठेवा, बाहेरून आलेल्याला पावसात वाडीत खोली मिळत नाही म्हणूनच तो परत बदली मागतो. आणि ते पान त्यांच्या हातात द्या. आमच्या नवीन बाईंनी ते उभ्याउभ्याच दोन्ही बाजूंनी वाचलं, मग वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसलेल्या त्या पोराला नावाने हाक मारली आणि पहिल्या रांगेत, आपल्या उजव्या हाताला आणून बसवलं.